गार्ड आपोआप सुरू होतो

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले, हे आधीच कबूल करते. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता शेजारच्या निखिलला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि कोण कुठे फेकतंय ते दोघं मिळून शोधायचो. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. हे मिरवायला सांगत नाहीये... म्हणजे, थोडं मिरवायलाच सांगतेय. अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरकडून इकडे आले ते पत्र्याची पेटी आणि आईला घेऊन. तेव्हापासून ते पॉवर प्रेसवर आहेत, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर. आम्ही चाकणजवळ कुरुळीत राहतो, त्यांचा कारखानाही तिथलाच. अंगारा, उतारा, लिंबू-मिरची यातलं आमच्या घरात काही चालत नाही. अण्णा म्हणतात, "मशीन फक्त हाताला भेतं, न्हाईतर हात मशीनला भेतो. तिसरं काही नसतंय."

तरीही लिहितेय, कारण माझ्या उजव्या हाताबद्दल लोक एक गोष्ट धरून बसलेत आणि ती चूक आहे. चुका दुरुस्त करणं हे माझं कामच आहे.

मी तळवड्याला एका कंपनीत आहे. प्रेस मशीनला जे कंट्रोल पॅनेल असतं, त्याच्या आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही बनवतो. मोबाइलमध्ये असते तशीच, फक्त ही शेकडो टन ताकदीचं लोखंड खालीवर करते. तिचं मॅन्युअल मराठीतही निघतं आणि त्यातल्या बारीकसारीक चुका काढणं हे माझं आणि निखिलचं काम. स्क्रीनचा फोटो जुना आहे, बटणाचं नाव बदललंय, पायरी तीन आधी आणि दोन नंतर आलीय – असल्या चुका. याला आम्ही 'मायनर' म्हणतो. मायनर आम्ही स्वतःच दुरुस्त करायचं आणि सबमिट करायचं. वाक्याच्या अर्थाला मात्र हात लावायचा नाही, तो इंजिनियर लोकांचा प्रांत. अण्णांना हे काम फार मोठं वाटतं. गल्लीत सांगतात, "आमची सुवर्णा कंपनीच्या पुस्तकातल्या चुका काढती. सायबांच्या चुका." उन्हाळ्यात त्यांच्या शॉपमधल्या, म्हणजे कारखान्यातल्या, मोठ्या प्रेसला आमच्याच कंपनीचं पॅनेल बसलं, तेव्हा तर पेढे वाटले. "तुझ्या कंपनीचं डोस्कं बसवलेत आमच्या मशीनला," म्हणाले.

आता ते पान. 'पॅनेल बॅटरीसह पूर्ण बंद केल्यानंतर पुन्हा सुरू करणे' असं त्याचं नाव. असं पूर्ण बंद कोणी करत नाही. लाईट गेली तरी आतली बॅटरी पॅनेल जागं ठेवते, त्यामुळे हे पान कोणी उघडतही नव्हतं. पानावर खाली एक ओळ होती : 'गार्ड आपोआप सुरू होतो.' गार्ड म्हणजे पहारा करणारा छोटा प्रोग्रॅम. प्रेसच्या तोंडापुढे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्यात हात गेला की गार्ड प्रेस जागच्या जागी थांबवतो. बस, एवढं समजलं तरी पुढचं कळेल.

एके दिवशी सकाळी मी त्या पानावरच्या मायनर चुका काढल्या. जुना फोटो बदलला, बटणाचं नाव बदललं. सबमिट केलं आणि...

माझा उजवा हात वरून कोणीतरी हाणल्यासारखा टेबलावर आदळला. वेदना नंतर आली, आधी आवाज आला. कीबोर्ड मधोमध फुटला. त्याची बटणं उडून निखिलच्या चहात पडली.

"अगं बाई, इन्क्रिमेंट कमी दिलं म्हणून कीबोर्डवर राग काढतेस होय?" तो चहातून एक बटण काढत म्हणाला.

"मी नाही मारला."

"मग मी मारला? माझा 'एन्टर' गेला बघ पोटात."

मधल्या बोटाचं नख काळंनिळं झालं होतं. मला वाटलं, पेटका आला असेल. शिरा आखडतात, हात उडतो. शिकलेल्या माणसाला कारण लगेच सापडतं.

त्याच आठवड्यात बटणाचं नाव इंजिनियर लोकांनी पुन्हा बदललं आणि ते पान माझ्याकडे परत आलं. दुरुस्त केलं. सबमिट केलं. या वेळी हात आदळला आणि वर उचललाच जाईना. तळहात टेबलाला चिकटून चेपला जात होता. वर काहीच नव्हतं. पंख्याची हवा लागत होती, एवढं मोकळं होतं. नखांच्या कडांतून रक्त आलं आणि मी ओरडले. निखिलने खांद्याला धरून ओढलं, मग कंबरेला धरून ओढलं. खुर्ची पडली, आम्ही दोघं पडलो असतो, पण माझा हात जाग्यावर. मग एकदम सुटला.

टेबलाच्या सनमायक्यावर खड्डा पडला होता. पाच बोटांचा. निखिल त्यावर हात फिरवत राहिला आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

दुपारी एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बाई चांगल्या आहेत, हे मला सांगितलंच पाहिजे. दार लावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"सुवर्णा, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो मॅडम. का?"

"मागे नख. आज हे. कोणी... म्हणजे, वडील घेतात का?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली. "माझे वडील चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात," मी म्हटलं. "आणि हे इथे झालंय, तुमच्या टेबलावर. टेबल बघा जाऊन."

"टेबल मी पाहिलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "राग असा कशावर तरी निघतो. मी समजू शकते."

म्हणजे मीच टेबल ठोकलं, आणि का ठोकलं तर घरी मार खाते म्हणून. प्रेसवर काम करणारा बाप म्हटला की लोकांच्या डोक्यात त्याचं चित्र आधीच छापून तयार असतं.

मी ते पान हातात घ्यायचं सोडलं. निखिलला म्हटलं, "पुढच्या वेळी आलं तर तू कर." तो म्हणाला, "दे. मला भूत चावलं तर माझ्या डेस्कटॉपवरचे गाण्यांचे फोल्डर तुझ्या नावावर."

पान आलं. त्याने केलं. मी तेव्हा पँट्रीत होते, हातात कप होता. त्याला काही झालं नाही. त्याने आरामात सबमिट दाबलं आणि इकडे पँट्रीत माझा हात ओट्याच्या ग्रॅनाइटवर असा आपटला की कपाचे तुकडे तळव्यात घुसले आणि बोटं मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. वाळलेली काटकी मोडते ना, तसाच.

तेव्हा एवढं समजलं की हे पानाला हात लावण्याचं नव्हतं. कोणीही ते पान 'झालं, बरोबर आहे' म्हणून पुढे पाठवलं की मार मला बसत होता.

चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "कुठल्या कंपनीत आहात? चाकणला?"

"तळवड्याला. कॉम्प्युटरवर."

"हात प्रेसमध्ये गेला होता ना? लपवू नका. या भागात मी रोज हेच बघतो. हाड असं वरून चेपूनच मोडतं."

मी एक्स-रेचं पाकीट मागून घेतलं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं होतं. प्लॅस्टर घालून घरी आले. अण्णा शिफ्टवरून येऊन पाय धूत होते. त्यांनी प्लॅस्टर बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. माझ्या वडिलांना एकाच गोष्टीचा गर्व आहे. एवढी वर्षं प्रेसवर काढूनही त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. त्यांच्यासोबत कामाला लागलेल्यांपैकी असं कोणी नाही. लग्नकार्यात हस्तांदोलन करताना ते समोरच्याचा हात जरा जास्त वेळ धरतात, ते यासाठीच.

"कुणी मारलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही अण्णा. पडले."

"माझ्याशी खोटं बोलायलीस? पडलेला हात मला वळखू येतो अन् चेपलेला बी येतो." मग आवाज खाली आणून, "तो शेजारी बसतो ना, तो पोरगा? तुला कुणी बोट लावंना म्हणून शिकवलो तुला."

मी नाही म्हटलं, आईने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून अण्णा आमच्या कंपनीच्या गेटवर हजर. निखिल बाईक लावत होता. अण्णांनी त्याची कॉलर धरली, भिंतीला टेकवला आणि एक अशी वाजवली की चष्मा रस्त्यापलीकडे गेला. वॉचमन धावला. वरच्या काचेतून सगळा मजला बघत होता. मॅडमसुद्धा.

मी मध्ये पडले. अण्णांना सगळं सांगितलं, तिथेच, गेटवर. त्यांनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नाही, पण निखिलचा चष्मा शोधून स्वतःच्या शर्टाने पुसून दिला. "चुकलं बाबा," म्हणाले. निखिल म्हणाला, "काका, हात भारी आहे तुमचा." गाल लाल, आणि तरी हसला. भला पोरगा.

पण वरच्या काचेतून बघणाऱ्यांना जे बघायचं होतं ते मिळालं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात तो मशीनचा दिवस. घरून निघताना अण्णा नवा शर्ट घालत होते. "आज प्रेसला पुरी विश्रांती. शेठ म्हणाले, औंदा ब्याटरीची तार बी काढा, मशीन पाण्यानं धुवायचंय. मग दुपारी मुहूर्ताचा पहिला पीस." कॉलर सारखी करत म्हणाले, "पीस म्या लावणार. सगळ्यात जुना मीच की."

त्यांच्या शॉपची पद्धत सांगते. एरवी प्रेस चालवायला ऑपरेटरला दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबावी लागतात, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण मुहूर्ताच्या पीसला बटणं मालक, म्हणजे शेठ, दाबतात, दोन्ही हातांनी, मान म्हणून. आणि पत्रा आत ठेवण्याचा मान जुन्या कामगाराचा. वर्षानुवर्षं असंच चाललंय. कधी काही झालं नाही, कारण मध्ये तो किरणांचा पडदा असतो, जुन्या पॅनेललाही होता. हात आत असेपर्यंत प्रेस हलतच नाही.

मी ते ऐकलं, "फोटो काढा," म्हटलं आणि कामावर गेले.

आमच्याकडेही पूजा होती. रिसेप्शनला एक खेळण्याएवढी प्रेस आहे, पाहुण्यांना दाखवायला. तोंडात पेन्सिल घातली की ती थांबते आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. तिचं पॅनेल पहिल्यांदाच बॅटरी काढून स्वच्छ पुसलं होतं. आरती झाल्यावर परत चालू केलं. स्क्रीनवर नेहमीचं चित्र, नेहमीचा हिरवा दिवा. निखिलने गंमत म्हणून पेन्सिलीऐवजी झेंडूचं फूल आत धरलं.

प्रेस थांबली नाही.

फुलाचा भुगा झाला. लोक हसले. कोणी म्हणालं, "देवाला नैवेद्य पोचला." निखिलने बोटं वेळेत मागे घेतली होती, तो बोटांकडेच बघत होता. आणि मी प्लॅस्टरकडे बघत होते.

'गार्ड आपोआप सुरू होतो.' सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत तो होत नव्हता. पॅनेल पूर्ण बंद केलं की तो हाताने चालू करावा लागत होता, आणि हे मॅन्युअलमध्ये बदलायचं सगळे विसरले होते. कोणाच्या लक्षात कसं येणार? वर्षभर पॅनेल पूर्ण बंदच होत नाही. झालं ते थेट या खंडेनवमीला. त्या पानावरची बाकी सगळ्या बारीक चुका आम्ही दर वेळी काढल्या होत्या आणि पान बरोबर आहे म्हणून पुढे पाठवलं होतं.

अण्णांना फोन लावला. पण प्रेसजवळ मोबाइल नेत नाहीत, तो लॉकरमध्ये. शेठना लावला. वाजत राहिला. निखिलला काही सांगावं लागलं नाही, त्याने किल्ली काढली होती. इंद्रायणीचा पूल, निघोजे, तिथून कुरुळी. वाटेत प्रत्येक कंपनीच्या दाराशी केळीचे खांब, ट्रकच्या बॉनेटला हार, रस्त्यात फोडलेले नारळ. निखिल रिक्षांना घासून गाडी काढत होता आणि मी डाव्या हाताने शेठचा नंबर फिरवत होते.

शॉपचं शटर वर होतं. आत ताशा वाजत होता. सगळी माणसं आमच्याकडे पाठ करून उभी. प्रेसला झेंडूचा हार, कपाळाला असावं तसं कुंकू. शेठचे दोन्ही तळहात दोन बटणांवर. अण्णा वाकलेले. नव्या शर्टाची बाही कोपरापर्यंत वर आणि उजवा हात प्रेसच्या तोंडात, पत्रा सारखा करत.

मी ओरडले. ताशात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. शेठनी मान झुकवून देवाला नमस्कार केला आणि बटणं दाबली.

प्रेस खाली आली. मी डोळ्यांनी पाहिलं. अण्णांचा हात आत होता.

आणि शटरपाशी माझं प्लॅस्टर फुटलं. मनगटापासून बोटांपर्यंत, आतून घण बसल्यासारखं. पांढरे तुकडे उडाले, निखिलच्या तोंडावर रक्ताची चिळकांडी गेली. मी गुडघ्यांवर पडले. ताशा थांबला होता, म्हणून मला माझाच आवाज ऐकू आला. माणसाचा वाटत नव्हता.

प्रेस वर गेली. अण्णांनी हात बाहेर काढला. उलटा केला, सुलटा केला. ओरखडाही नव्हता. पण खालच्या पत्र्यावर रक्त होतं, ताजं, हार भिजावा एवढं.

शेठ मूळचे कुरुळीचेच, शेतकऱ्याचं घराणं. दवाखान्यात मला बघायला आले तेव्हा दारातच उभे राहिले. "पोरी, हात आतच व्हता. म्या बघितला. हाडाचा आवाज बी आला. मग हात निघाला कुठनं?" दर वर्षी मुहूर्ताचा पीस शॉपच्या देव्हाऱ्यात ठेवतात. तो पीस त्यांनी इंद्रायणीत सोडला.

करंगळी आणि शेजारचं बोट डॉक्टरांना काढावं लागलं. ते म्हणाले, ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर तसला मार कधी बसला नाही. मी शुद्धीवर आल्यावर पहिलं काम काय केलं, तर निखिलला फोन करून ती ओळ बदलायला लावली, इंजिनियर लोकांची परवानगी नंतर. 'गार्ड आपोआप सुरू होत नाही. चालू केल्याशिवाय प्रेसजवळ जाऊ नये.' ज्या-ज्या शॉपला आमचं पॅनेल आहे तिथे त्याच दिवशी फोन गेले.

या ग्रुपवरचे लोक विचारतील, त्या प्रेसवर पूर्वी कोण मेलं होतं? मीही विचारलं होतं. कोणी नाही. प्रेस शेठनी कोरी घेतलेली, कोणाची वापरलेली नाही, शॉप बांधलं ती जागा उसाची. आमच्या ऑफिसातही कोणी मेलेलं नाही. मग मला मारणारं कोण होतं? जे अजून झालंच नव्हतं, तेच आधी येऊन हात आपटत होतं का? आणि ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी अण्णांचा हात सोडून माझ्याकडे का आलं? मला माहीत नाही. निखिलला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, पण अंगारा-बिंगारा सांगू नका.

अण्णा आता लग्नकार्यात हात मिळवत नाहीत, लांबूनच नमस्कार करतात. दहा बोटांचं बोलणं घरात बंद झालं. एकदा जेवताना माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "हे माझं होतं, माय. तू कशाला घेतलीस?" मी म्हटलं, "मी घेतलं नाही अण्णा, भात वाढा."

कंपनीच्या कागदावर 'बाईकवरून पडून' असं लिहिलंय, कारण माझ्या अंगाला कोणत्याच मशीनचा स्पर्श झालेला नाही आणि दुसरं काही लिहायला तिथे जागा नाही. निखिलने मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मागच्या आठवड्यात जिन्यात भेटल्या, माझ्या उरलेल्या बोटांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू अजून त्याच घरात राहतेस?"

बाकी जे झालं ते मला समजावून सांगता येत नाही. पण माझ्या बापाने माझ्यावर कधी हात उचललेला नाही. ही एक चूक तेवढी माझ्या हातून दुरुस्त होत नाहीये... म्हणून इथे लिहिलं.